‘नवं’ म्हणजे नेमकं काय? चित्रकल्पना आणि व्यक्तिरेखा कशा सुचतात

आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा थोडा वेगळा आहे. आपल्या श्रोत्यांमध्ये चित्रकला, ॲनिमेशन शिकणारी बरीच तरुण मंडळी आहेत आणि त्यांची एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत कानावर येते. ‘सर, काहीही काढायला घेतलं की मोबाइलवर दिसतं, हे कुणीतरी आधीच काढलंय. मग आमचं स्वतःचं असं उरलं काय?’ 2025 च्या मार्चमध्ये तर जो तो आपल्या घरच्या फोटोंना यंत्राकडून जपानच्या घिबली स्टुडिओसारखं रूप देत होता. एका क्षणात, फुकटात. ज्या मुलाला चित्रावर पोट भरायचं आहे त्याच्या मनात धस्स होणं साहजिक आहे. म्हणून हा प्रश्न आज नीट उलगडून बघू.

पहिली गोष्ट अशी की ‘नवं’ म्हणजे ‘ज्याला कुणी पूर्वज नाही ते’ ही समजूतच चुकीची आहे. आपल्याकडे नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन होऊन गेला. त्याच्या ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात हाच प्रश्न आहे : आधीच्या कवींनी सगळं लिहून ठेवलंय, आता नव्याने काय लिहायचं? एका कृतीचं दुसरीशी जे साम्य दिसतं, त्याला तो ‘संवाद’ म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार करतो. एक, आरशातल्या प्रतिबिंबासारखं साम्य. दोन, माणूस आणि त्याचं काढलेलं चित्र यांच्यासारखं. तीन, दोन जिवंत देहांमधलं साम्य. पहिल्या प्रकाराला स्वतःचा आत्मा नाही, दुसऱ्याला आहे पण तो क्षुल्लक आहे. म्हणून हे दोन सोडा असं तो सांगतो. तिसरा मात्र टाकू नका म्हणतो. आता बघा, बहिणी-बहिणी एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून धाकटीला कुणी थोरलीची नक्कल म्हणत नाही. का? कारण तिचा जीव तिचा आहे.

म्हणजे विचारायचा प्रश्न बदलला. ‘हे आधी कुणी काढलंय का?’ हा प्रश्न सोडा. ‘यात स्वतःचा जीव आहे का?’ हे विचारा. हा जीव येतो कुठून, ते आता उदाहरणांनी पाहू.

एकच नियम मोडायचा

शि. द. फडणीस हे नाव तुम्हाला माहीत आहेच. जन्म 1925 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मधलं. ‘मोहिनी’ मासिकासाठी त्यांनी 1952 साली केलेलं एक मुखपृष्ठ आठवा. बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची. शब्द एकही नाही. बघणारा मात्र हसतो.

आता या चित्रात नवं काय आहे, एकेक वस्तू काढून बघू. मांजर आणि उंदराचं वैर? ते लहान मुलालाही ठाऊक. नक्षीची साडी? प्रत्येक घरात. बसची रांग? मुंबईत रोजची. तरुण-तरुणी? तो तर अनादी विषय. सुटी करून पाहिली तर एकही वस्तू नवी नाही! नवी आहे ती गाठ. कापडावरची नक्षी निर्जीव असते, हा आपण कधीही न बोललेला नियम. फडणीसांनी तेवढा एकच नियम सैल केला आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. बस, रांग, साडी जागच्या जागी आहेत, म्हणूनच तो एक मोडलेला नियम उठून दिसतो.

आर्थर कोस्लर या लेखकाने 1964 च्या ‘द ॲक्ट ऑफ क्रिएशन’ या ग्रंथात याला ‘बायसोसिएशन’ असं नाव दिलं. दोन वेगळ्या व्यवस्था, प्रत्येकीचे नियम वेगळे, आणि एकच गोष्ट दोन्हींत एकदम बसते. विनोद, विज्ञान आणि कला या तिन्हींच्या मुळाशी ही क्रिया आहे असं त्याचं म्हणणं.

पण इथे एक धोका आहे. मग काहीही कशालाही जोडलं की झालं का? हत्तीला पंखा लावा, बटाट्याला मिशा काढा! कांटने 1790 मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलंय. तो म्हणतो, निरर्थक गोष्टसुद्धा अगदी मौलिक असू शकते. म्हणून नुसतं मौलिक असणं पुरेसं नाही. इतरांना त्यातून काही दिशा मिळाली पाहिजे. मांजर-उंदराची जोडणी टिकते, कारण त्या दोघा अनोळखी माणसांमधला न बोललेला ताण ती दाखवते.

व्यक्तिरेखा म्हणजे वागण्याचा नियम

व्यक्तिरेखेचं काय? बहुतेक विद्यार्थी आधी केस, डोळे, कपडे ठरवतात. माझं म्हणणं, आधी वागणं ठरवा, चेहरा त्याच्यामागून येतो.

‘टिंकल’मधला सुपंडी 1983 साली आला. गोष्टी तमिळ लोककथांमधल्या, चित्र राम वाईरकरांचं. मूर्ख नोकर हे पात्र काही नवं नाही. पण सुपंडीचा मूर्खपणा नेमका आहे : सांगितलेलं तो शब्दशः पाळतो. एवढा एक नियम हाती आला की हजार गोष्टी निघतात. आणि ते वेगळ्याच आकाराचं डोकं बघितलं की वाटतं, या डोक्यात शब्द असाच सरळ शिरत असणार. जुन्या लोककथेला मिळालेला हा नवा देह. आनंदवर्धनाचा तिसरा प्रकार तो हाच!

दुसरं उदाहरण आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चं. सुरुवातीला ते चित्रात बंगाली, तमिळ, पंजाबी अशी निरनिराळ्या प्रांतांची माणसं गर्दीने काढत. रोजच्या वर्तमानपत्राच्या घाईत ते जमेना. गर्दी कमी होत होत शेवटी एकच माणूस उरला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. त्याचा नियम काय? तो सगळीकडे हजर असतो आणि बोलत नाही. इथे कल्पना भर घालून आलेली नाही, वजाबाकीतून आली आहे.

डोंबिवलीत बसून करायचा अभ्यास

आता आपल्या गावातलं एक काम देतो. सकाळच्या गाडीत, बायकांच्या डब्यात, मांडीवर पिशवी पसरून मटार सोलणारी बाई तुम्ही पाहिली असेल. तिचं हुबेहूब चित्र काढलंत तर सराव म्हणून उत्तम, पण ते झालं प्रतिबिंब. दुसरी पायरी : ती काय गृहीत धरून वागते आहे? तिच्या लेखी ही बसायला मिळालेली जागा म्हणजे तिचं स्वयंपाकघर आहे. घरी तिला तेवढाही सलग वेळ मिळत नाही. हा झाला तिचा नियम. तिसरी पायरी : तो नियम चित्रात खरा करा. वरच्या कड्यांना झारे नि पळ्या लटकल्यात, सामानाच्या फळीवर बरण्या ओळीने लावल्यात, आणि दारातली बाई विचारते आहे, ‘मुंब्रा गेलं का?’ बाकी गाडी जशीच्या तशी. हे चित्र हसवेल, आणि हसता हसता तिच्या दिवसाचा हिशेबही सांगेल. तिला मात्र हसू नका. हसू परिस्थितीचं यायला हवं.

म्हणून खिशात छोटी वही ठेवा. तिच्यात चित्रांबरोबर वाक्यंही लिहा : हा माणूस काय धरून चाललाय? महिन्याला अशी वीस वाक्यं जमली की कल्पना सुचत नाही ही तक्रार आपोआप कमी होते.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न : सर, अशा जोडण्या यंत्रही करेल. आणि गिऱ्हाईक तर म्हणतं, ‘अमक्यासारखं काढून द्या.’ मग आम्ही काय करायचं?

उत्तर : यंत्र जोडण्या करेल, शंभर करेल. पण त्या शंभरांतली कुठली खरी, हे ती मटार सोलणारी बाई ज्याने नीट पाहिली आहे तोच सांगू शकेल. निवड ही पाहण्यातून येते. गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर पोटासाठी ‘अमक्यासारखं’ काढावं लागतं, त्यात कमीपणा नाही. फक्त जिवंत चित्रकाराची ओळख उचलून ती आपली म्हणून विकू नका. आणि रोजचा अर्धा तास त्या वहीसाठी ठेवा. गिऱ्हाईक आज नक्कल मागतं, कारण त्याने तुमचं काही पाहिलेलंच नसतं. त्याला दाखवण्यासारखं तुमच्याकडे काही तयार असू द्या.

पुढच्या व्याख्यानात ‘अनुकरण म्हणजे काय’ या प्रश्नाकडे वळू.