जुन्या मोटारीतील रेडिओची खरखर

आकाशवाणी सोलापूरचे एफएम प्रसारण १०३.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे १०.३४ कोटी कंपने असलेल्या लहरींवर होते. या लहरींची लांबी सुमारे २.९ मीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाइतकी, जवळपास ७३ सेंटिमीटरची उभी दांडी त्या उत्तम ग्रहण करते. शहरातही जुन्या मोटारीतील रेडिओ खरखरत असेल, तर दोष पुष्कळदा संचात नसून अँटेनाच्या जोडण्यांत असतो.

प्रथम इंजिन बंद करून रेडिओ ऐकावा. खरखर थांबली, तर ती मोटारीतच निर्माण होत असते: इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची असते, तर टकटक स्पार्क प्लगच्या ठिणगीची असून, रोधयुक्त प्लग वायरी बसवल्यास ती कमी होते.

इंजिन बंद असूनही प्रसारण क्षीणच राहिले, तर अँटेनाची वायर रेडिओमागून काढून मल्टिमीटरने तपासावी. वर्धक नसलेल्या साध्या अँटेनात दांडी आणि वायरीच्या टोकाची मधली पिन यांतील रोध जवळपास शून्य असावा, पिन आणि बाहेरील कवच यांत जोडणी अजिबात नसावी, कवच मात्र मोटारीच्या पत्र्याशी जोडलेले असावे. दांडीच्या बुडाशी गंज चढला की हीच अर्थिंग तुटते, आणि तो पॉलिश पेपरने घासून काढल्यास ती पूर्ववत होते.

एफएम लहरी प्रायः सरळ रेषेत जात असल्याने पंढरपूरच्या दिशेने दूर जाताना प्रसारण क्षीण होणे हा मोटारीचा दोष नव्हे. म्हणून ही तपासणी शहरातच करावी आणि त्यानंतरच नव्या संचाचा खर्च करावा.