जलाशयावरील होडी जीपने कशी न्यावी?

शेतकऱ्याच्या शेताचा बांध वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. जलाशयावर मासेमारी करणाऱ्याचा काठ मात्र दर महिन्यास सरकत असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठ आज सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली आहे. महाराष्ट्रातील ३३ गावांना या जलाशयाची झळ पोहोचली. घरे व जमिनी गमावलेल्या आदिवासी बांधवांपैकी काहींनी मच्छीमार सहकारी संस्था स्थापन करून त्याच पाण्यातून उपजीविकेचे साधन शोधले आहे. त्यांच्या दृष्टीने होडी म्हणजे बैलजोडीच होय. तिची ने-आण कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

या जलाशयाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर असून ती प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये गाठली गेली. पाणीवापराची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. दोहोंत सुमारे २८ मीटरांचा फरक पडतो. जेथे काठाचा उतार दहास एक आहे, तेथे पाणी एक मीटर उतरले की त्याची कड दहा मीटर दूर जाते. म्हणजे पाणी भरपूर ओसरल्यास होडी पाण्यापर्यंत नेण्यास दोन-अडीचशे मीटर गाळाची जमीन ओलांडावी लागते. शिवाय दुरुस्तीसाठी किंवा दुसऱ्या काठावर नेण्यासाठी ती रस्त्यानेही न्यावी लागते. पूर्वापार हे काम लाकडी ओंडके व दहा-बारा माणसांचे खांदे यांवर चालत आले. आता अनेक ठिकाणी जीपचे साहाय्य घेता येते.

जीप आपल्या ग्रामीण भागास नवी नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला व पुढे विकास गटाची जीप खेड्यापाड्यांच्या ओळखीची झाली. आखूड बांधणी, उंच तळ आणि चारही चाकांना मिळणारी चालना यांमुळे ती डोंगरवाटेस योग्य ठरते. तथापि एक गोष्ट मनावर ठसविणे अगत्याचे आहे. होडी ओढणे सोपे. ती थांबविणे कठीण.

हे हिशेबाने पाहू. समजा, होडी व ट्रेलर मिळून ६०० किलो आणि जीप १,४०० किलो आहे. दहास एक अशा चढावर केवळ उतारामुळे ट्रेलरचा ओढ सुमारे ६० किलो पडतो. जीपला तो जड नाही. परंतु उतरताना ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर जीपच्या ब्रेकना १,४०० ऐवजी २,००० किलो भार आवरावा लागतो. चांदसैलीसारख्या घाटात सतत ब्रेक दाबल्यास ते तापून निकामी होऊ लागतात. यास्तव उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा व इंजिनच्या अटकावाने सावकाश उतरावे. जीपच्या पुस्तिकेत ट्रेलरसाठी जो कमाल भार दिला असेल, तो कदापि ओलांडू नये.

भार बांधण्याची रीत

होडीत साचलेले पाणी प्रथम काढून टाकावे. तळाचे क्षेत्र चार चौरस मीटर असेल व त्यात केवळ पाच सेंटिमीटर पाणी असेल, तरी २०० किलो भार विनाकारण वाढतो. जाळी व इतर सामान मध्यभागी ठेवावे. एकूण भाराचा सुमारे दहावा हिस्सा ट्रेलरच्या पुढील टोकावर यावा. वरील उदाहरणात तो ६० किलो होतो. धान्य तोलण्याचा काटा या टोकाखाली ठेवून तो मोजता येईल. मागील बाजू जड झाल्यास ट्रेलर वेगात डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो व जीपलाही रस्त्याबाहेर ओढतो.

होडीचे नाक पुढे आणि मागील भाग दोन्ही बाजूंस दोरांनी आवळावा. दोर घासतो तेथे जुन्या टायरचे तुकडे द्यावेत. हुकाखेरीज दोन साखळ्या आडव्या ओलांडून जोडाव्यात, म्हणजे हूक निसटल्यास ट्रेलरचे टोक जमिनीत रुतणार नाही. मागे तांबडा दिवा लावावा. होडीत माणूस बसवू नये. कायद्याने ट्रेलर हे मोटार वाहनच समजले जाते. म्हणून रस्त्यावर आणण्यापूर्वी परिवहन कार्यालयात त्याची नोंदणी करून घ्यावी.

काठावरील काम

एका काठावर प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग बोधप्रद आहे. चालकाने जीप होडीसह थेट पाण्यापर्यंत मागे नेली. वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला होता. चाके रुतली, जोर द्यावा तसतशी ती अधिकच खोल गेली. अखेर एका वृद्ध मच्छीमाराच्या सल्ल्याने ट्रेलर सोडविला, चाकांपुढे फांद्या व दगड घातले आणि अर्ध्या दिवसाने जीप बाहेर आली. नंतर ती टणक जमिनीवर उभी करून लांब दोराने होडीचा ट्रेलर ओढला, तेव्हा ते काम थोड्याच वेळात झाले. त्या वृद्धाचा नियम साधा होता: आधी अनवाणी चालून पाहावे, पाय घोट्यापर्यंत रुतला, तर तेथे चाक नेऊ नये.

ताणलेल्या दोराजवळ कोणीही उभे राहू नये. तो तुटल्यास चाबकासारखा फटकारतो. ट्रेलर मागे घेताना चालकाने चक्राच्या खालच्या भागावर हात ठेवावा. हात ज्या बाजूस सरकेल, त्या बाजूस ट्रेलरचे मागचे टोक वळते. उतारावर थांबताना हातब्रेक लावावा, इंजिन बंद करून गिअर घालावा आणि चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. जीप व ट्रेलर यांच्या मध्ये कोणी शिरू नये.

लांबचा प्रवास संपताच ट्रेलरची चाके पाण्यात घालू नयेत. तापलेला आस थंड पाण्यात गेला की आतील हवा आकसते व पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. तो निवेपर्यंत थांबावे आणि ग्रीस वेळोवेळी बदलावे.

ग्रामसेवकांस सूचना

प्रत्येक कुटुंबाने जीप घ्यावी, अशी अपेक्षा नाही. संस्थेचा एक मजबूत ट्रेलर, एक भक्कम लांब दोर आणि ठरलेल्या दिवशी भाड्याची जीप, एवढ्यावर साऱ्या सभासदांचे काम भागू शकते. पाणी उतरू लागण्यापूर्वी ग्रामसेवकांनी संस्थेची बैठक घेऊन होडी उतरविण्याची टणक जागा निश्चित करावी व तेथे दगडांचा मुरूमयुक्त मार्ग श्रमदानाने तयार करावा. लाकडी होडी काठावर राहणार असल्यास तिला सावली द्यावी, कारण उन्हाने फळ्या आकसून सांधे उघडतात.

जीपच्या बळावर विसंबून घाई केल्यास एका क्षणात होडी फुटते, कधी माणूसही गमावतो. भार, उतार व जमीन या तिन्हींची आधी पारख केली, तर तीच जीप मच्छीमार बांधवांचे कष्ट हलके करील.