बसऱ्याची भरती

दक्षिण इराकमध्ये, बसऱ्याजवळच्या अबू अल-खसीबच्या कालव्यात पाणी चढू लागलंय. तैग्रिस-युफ्रेटिस मिळून झालेल्या शत्त अल-अरब नदीच्या पात्रातून ते आत वळतं, कालव्यातून फाट्यात, फाट्यातून पाटात आणि पाटातून थेट खजुरीच्या बुंध्याशी. मोट नाही, रहाट नाही. आमची बलम, म्हणजे इथली लांबट निमुळती होडी, नावाडी बांबूने नुसती सरळ धरतोय. पुढे नेण्याचं काम भरती करतेय.

कोकणात भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आपण बांध घालतो. इथे लोकांनी भरतीसाठी वाटा खणल्या. समुद्र शंभरेक किलोमीटर खाली आहे. तो चढला की तैग्रिस-युफ्रेटिसचं गोडं पाणी मागे रेटलं जातं, नदी फुगते आणि बागा भिजतात. ओहोटीला त्याच पाटांतून निचराही होतो. दिवसातून दोनदा, शतकानुशतकं. बसरा प्रांताची श्रीमंती उभी राहिली ती या दोन वेळच्या पाण्यावर. उस्मानी सुलतानांची फर्मानं त्यानंतरची.

बागेत शिरतो. वर खजुरी, तिच्या सावलीत डाळिंब आणि अंजीर, पायाशी लसूणघास. बागवान चाचा कमरेभोवती तबलिया आवळतात. झाडावर चढायचा हा जाड दोराचा पट्टा. वरून घोस खाली येतो. "हलावी," ते म्हणतात आणि मूठभर खजूर माझ्या ओंजळीत टाकतात. मधासारखा रंग, नाजूक साल. हाच खजूर लाकडी पेट्यांत भरून लंडन-न्यूयॉर्कला जात असे.

उस्मानी (ऑटोमन) फौजा बसऱ्यात १५४६ साली आल्या, पण इस्तंबूल फार लांब. स्थानिक घराणी, वाळवंटातल्या टोळ्या, मध्येच १७७६ ते १७७९ इराणी अंमल. सुलतानाचा हात इथे कधी घट्ट, कधी सैल. १८७१ साली बगदादचा वाली, म्हणजे सुभेदार, मिधत पाशा याने अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अल-हसावर मोहीम पाठवली आणि काही वर्षांतच बसरा स्वतंत्र विलायत, म्हणजे उस्मानी प्रांत, झाला. त्याआधीच १८६२ पासून मुंबईच्या आगबोटी इथे नेमाने येऊ लागल्या होत्या. १८६९ साली सुएझ कालवा उघडला. खजुराला सारं जग गिऱ्हाईक मिळालं.

दुपारी शहरात, अशारच्या कालव्याकाठी उभा आहे. दोन्ही बाजूंना शनाशील, लाकडी जाळ्यांचे झरोके रस्त्यावर झुकलेले. काही सावरलेत, पुष्कळसे मोडकळीला आलेत. यातलं सागवान हिंदुस्थानच्या बंदरांतून आलं. परतीच्या गलबतांत खजूर असे, मुंबईच्या शर्यतींसाठी अरबी घोडे असत आणि आखातातले ते मोतीही, ज्यांना आपल्या आज्या बसऱ्याचे मोती म्हणत नथीत मिरवायच्या. मोती निघत बहरीनकडे. नाव झालं बाजारपेठेचं.

पहिल्या महायुद्धात, १९१४च्या नोव्हेंबरात, शत्त अल-अरबमधून ब्रिटिशांची हिंदी फौज वर आली आणि उस्मानी बसरा संपला. पुढच्या वर्षांत मराठा पलटणीही इथे लढल्या. तैग्रिसकाठच्या कुत अल-अमाराला उस्मानींनी घातलेल्या वेढ्यात कोकण-देशावरची किती पोरं उपाशी राहिली, बंदी झाली, परतली नाहीत! बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यातले बहुसंख्य हिंदी शिपाई, आणि दगडावर बहुतेकांचं नावही कोरलं नाही. याची चीड येते मला, आजही.

परत बागेत, चाचांचा धाकटा मुलगा मोबाइलवर बागेचा जुना फोटो दाखवतो. आज जिथे वाळके बुंधे उभे आहेत तिथे फोटोत गच्च हिरवं आहे. इराण-इराक युद्धात रणभूमी याच बागांतून गेली. मग वर धरणं झाली, कारून नदीचं पाणी वळवलं गेलं, गोडं पाणी क्षीण झालं. आता भरती समुद्रच घेऊन येते. २०१८च्या उन्हाळ्यात खारट, दूषित पाण्याने लाखाहून अधिक माणसं आजारी पडून रुग्णालयांत पोचली. शहर रस्त्यावर उतरलं. घरोघरी पिण्याचं पाणी विकत येतं. त्या जुन्या विलायतीची ही राजधानी दोन नद्यांच्या संगमाखाली वसलेली आहे, हे ध्यानात घेऊन मागचं वाक्य वाचावं.

"उन्हाळाभर पाटाचं तोंड मातीने बंद करतो," मुलगा सांगतो. "आजोबा ते उघडायला धावायचे."