ठोकून पळालेल्या वाहनाचा भुर्दंड

गाडीला धडक देऊन वाहनचालक पळून गेला, तर दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी बसतो हे गाडीमालकाच्या पॉलिसीवर ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते त्यासाठी. आपल्या गाडीचा चेपलेला पत्रा त्यातून सरळ होत नाही. धडक देणाराच सापडला नाही, तर ज्याच्या विम्यातून भरपाई मागायची तोही हाती लागत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो ‘ओन डॅमेज’ विमा. तो पॅकेज पॉलिसीत असतोच. १ सप्टेंबर २०१९ पासून स्वतंत्रपणेही घेता येतो. गाडी जुनी झाली म्हणून नुसता थर्ड पार्टी विमा ठेवणाऱ्यांना मात्र गॅरेजचे बिल स्वतःच भरावे लागते.

सरकारी भरपाईबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. ती माणसांसाठी आहे, गाडीच्या नुकसानीसाठी नाही. कोणी जखमी झाले असेल, तर आधी ११२ वर फोन आणि दवाखाना. गाडीचे नंतर पाहता येते.

गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. नुसता चेपलेला भाग पुरेसा नाही. नंबर प्लेट, आजूबाजूची दुकाने आणि रस्त्यावर पडलेले काचेचे किंवा बंपरचे तुकडेही फोटोत यायला हवेत. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या पत्र्यावर लागलेला असेल, तर तोही जवळून टिपावा. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीवर काही दिवसांनी नवे चित्रण जुन्यावर चढते, म्हणून त्याच दिवशी विचारणा करणे महत्त्वाचे. नंबर मिळाला, तर त्या वाहनाच्या विम्याची मुदत एमपरिवहन अॅपवर पाहता येते.

त्यानंतर पोलीस ठाणे. अपघातानंतर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवण्याचे बंधन कलम १३४ ने चालकावर घातले आहे. ते मोडल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘थोडासा पत्रा तर चेपलाय’ म्हणून नोंद टाळली जाते, पण तक्रारीची पोच हाती असली की विमा कंपनीकडचे काम सोपे होते. कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. केवळ उशीर झाला एवढ्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामक आयआरडीएआयने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. तरी त्या भरवशावर राहू नये.

गॅरेजमध्ये एक पथ्य पाळावे: विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी कामाला हात लावू देऊ नये. आधी एस्टिमेट, मग सर्व्हे, मग दुरुस्ती. कॅशलेस गॅरेज असले, तरी घसाऱ्याची रक्कम मालकालाच भरावी लागते, आणि खरा धक्का तिथेच बसतो. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो.

समजा, गाडी साडेतीन वर्षांची आहे. बंपर ६ हजारांचा, फेंडर ५ हजारांचा, पेंटिंग ८ हजार आणि मजुरी ४ हजार, असे एकूण २३ हजारांचे बिल झाले. बंपरवर ३ हजार आणि फेंडरवर २५ टक्क्यांनी १,२५० रुपये कापले जातात. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा रंगसामानाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे १ हजार. वर सक्तीची वजावट १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १ हजार. कंपनीकडून मिळतात १६,७५० रुपये. ‘झिरो डेप’ हे पूरक संरक्षण घेतलेले असेल, तर घसारा वाचतो, वजावट राहतेच.

पण हिशोब इथे संपत नाही. दावा न करणाऱ्याला ओन डॅमेजच्या हप्त्यात २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी वाढत जाणारी सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस (एनसीबी) म्हणतात. एक दावा केला की ती शून्यावर येते. मूळ हप्ता १० हजार आणि सध्याची सूट ३५ टक्के असेल, तर पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी काहीच सूट नाही, त्यानंतर ५० ऐवजी २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांत सुमारे १२ हजार रुपये जादा जातात; गाडीची किंमत उतरत गेल्याने हप्ता घटतो, तेवढे थोडे कमी. म्हणजे २३ हजारांच्या बिलासाठी दावा करणे जेमतेम परवडते, आणि आठ-दहा हजारांच्या कामासाठी तो करणे बहुधा तोट्याचे ठरते. ‘एनसीबी प्रोटेक्ट’ घेतला असेल, तर गणित बदलते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीतील विमामूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते.

दावा नाकारला किंवा विनाकारण कापला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.