बोअरचं पाणी आणि लाल स्टॉर्म

मे महिन्यात बीडमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो आणि बार्शी नाक्याजवळच्या माझ्या गॅरेजसमोर बॉनेट उघडून गाड्या उभ्या राहतात. सगळ्यांची तक्रार एकच, गाडी गरम होते, आणि सगळ्यांचा राग उन्हावर. ऊन आपला वाटा उचलतंच. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर असताना बाहेर ३२ ऐवजी ४२ अंश झाले, की रेडिएटरची उष्णता फेकण्याची ताकद साधारण सहाव्या हिश्शानं घटते. पण धडधाकट गाडी एवढं सहज सोसते. आमच्याकडं गाड्यांचा घात करतं ते पाणी.

बालाघाटच्या या काळ्या खडकातून बोअरला येणारं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. घरोघरी चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच थर इंजिनाच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णतेला शंभरपटीहून जास्त अडवतो. दुष्काळाच्या वर्षांत तर टँकरनं जे पाणी मिळालं ते लोकांनी गाडीत ओतलं. त्यांना बोल कसा लावणार? प्यायलाच पाणी नव्हतं.

हे सगळं नीट सांगावंसं वाटलं ते एका लाल सॅन स्टॉर्ममुळं. १९९८ मध्ये बाजारात आलेली ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार गोव्यात बनायची. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ६० च्या आसपास अश्वशक्ती. थोड्याच गाड्या बनल्या, आता तर रस्त्यावर क्वचितच दिसते. आपल्या मातीत बनलेली स्पोर्ट्स कार म्हणून मला तिचं अप्रूप आहे, आणि अशी एखादी गाडी निव्वळ गरम होते म्हणून शेडमध्ये धूळ खात पडावी हे मला बघवत नाही.

मालक शहरातले डॉक्टर. गाडी ओढून आणली तेव्हाच त्यांनी ठरवलेलं होतं. म्हणाले, “मिस्त्री, मोठा रेडिएटर टाका, डबल पंखा टाका. पैशाचं बघू नका.”

“साहेब, आधी आत काय साचलंय ते बघू. पंख्याचं मग ठरवू.”

असा ६० अश्वशक्तीचा जोर चाकांना मिळतो तेव्हा साधारण तेवढीच उष्णता पाण्यात उतरते आणि आणखी तेवढीच सायलेन्सरवाटे जाते. पेट्रोलचा ढोबळ हिशेब असाच, तीन वाटे. म्हणजे गाडी पूर्ण जोरात असताना दोन किलोवॅटचे वीस-बावीस गिझर एकाच वेळी चालू असावेत एवढी उष्णता त्या छोट्या जाळीतून बाहेर काढायची असते. स्पोर्ट्स कारचं नाक खाली झुकलेलं, हवा आत यायला तोंड अरुंद, बॉनेटखाली हात घालायला जागा नाही. गाडी जुनी झाली की हे सगळे अडथळे एकदमच जाणवायला लागतात.

मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो गाडी नेमकी कुठं गरम होते हा. गावात, सिग्नलला, गर्दीत काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येत असेल तर दोष हवेचा, म्हणजे पंखा कमी पडतोय. उलट गावात ठीक आणि मांजरसुंब्याचा घाट चढताना किंवा हायवेला वेग धरल्यावर काटा चढत असेल तर पाणी नीट फिरत नाहीये. नळ्या तुंबल्यात, पंप झिजलाय, नाहीतर खालचा होज मऊ पडून ओढीनं चपटा होतोय. डॉक्टरांची स्टॉर्म दोन्हीकडं गरम व्हायची, म्हणजे दोष दोन्हीकडं.

आधीच्या मालकानं तिला तांब्या-पितळेचा रेडिएटर बसवून घेतला होता. हे आमच्या पथ्यावर पडलं, कारण तो उघडता येतो. वरच्या टाकीचा डाग तापवून सोडवला. आत बघितलं तर नळ्यांच्या तोंडांवर मातकट पांढरी खपली, मधल्या ओळी जवळजवळ बंद. त्यांतून पातळ पट्टी हलक्या हातानं सारत राहिलो तशी खपली कुरकुरत सुटून खाली पडायला लागली. ओंजळभर माल निघाला. डॉक्टर शेजारीच उभे होते. एक तुकडा चिमटीत धरून बघत म्हणाले, “किडनी स्टोनच आहे की हो हा.” पंख्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

इंजिनाच्या आतला थर काढायला काही जण कॉस्टिक सोडा नाहीतर फरशीचं ॲसिड वापरतात. तसं कधीही करू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर दोन्ही त्याला खातात. लिंबूसत्त्वाचं हलकं पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवावं, काढून टाकावं, आणि निघणारं पाणी नितळ येईपर्यंत उलट दिशेनं धुवावं. धीराचं काम आहे.

मग भरायचं काय? डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. लोकांना वाटतं कूलंट म्हणजे पाण्यापेक्षा थंड काहीतरी. उष्णता वाहून न्यायला निव्वळ पाणीच सरस असतं. कूलंटचं काम वेगळं, ते गंज धरू देत नाही, क्षार बसू देत नाही आणि उकळी लांबवतं. बीडला पाणी गोठण्याची भीती नाही, तेव्हा कंपनीनं वेगळं सांगितलं नसेल तर कूलंट तीस ते पन्नास टक्के ठेवावं, त्याहून जास्त ओतून फायदा नाही.

रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. बीड समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटरवर आहे, इथं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर त्याची स्प्रिंग तेवढा दाब धरते आणि उकळी ११८ च्या जवळ जाते. स्प्रिंग मेली, रबर चिरलं, की हे वीस अंश गेले. स्टॉर्मचं झाकण बदललं.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, मात्र तिच्यात नव्हताच. कुणीतरी काढून टाकलेला. आमच्याकडं हा रिवाजच आहे आणि तो मोडला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन सकाळी लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आतून लवकर झिजतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत तो उघडला की बायपासची वाट बंद होते. तोच काढला तर ती वाट कायम उघडी राहते, आणि काही पाणी रेडिएटरकडं न जाता इंजिनातच गोल फिरत राहतं. म्हणजे थंडाव्यासाठी केलेला उपाय घाटात उलटा पडतो. या गाडीसाठी तो मिळवायला वेळ लागला, कारण हे इंजिन ज्या रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओ गाड्यांत आहे, त्या आपल्याकडं विकल्याच गेल्या नाहीत. शेवटी पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनानं परदेशातून मागवून दिला.

हवेच्या बाजूला दोन कामं केली. रेडिएटरच्या चारी बाजूंना बोट जाईल एवढ्या फटी होत्या. हवा सोपी वाट धरते, जाळीतून शिरण्याऐवजी फटीतून निसटते. फोमच्या पट्ट्या आणि ॲल्युमिनियमचा पत्रा लावून त्या बुजवल्या. खर्च किरकोळ, फरक घसघशीत.

दुसरं काम पंख्याचं. मोटर चांगली होती, तरी पंखा रेंगाळत फिरायचा. मीटर लावला तर चालू पंख्याला जेमतेम दहा व्होल्ट. फायबरच्या बॉडीतून करंट परत जात नाही, तिथं अर्थिंगची वेगळी वायर चासीपर्यंत न्यावी लागते. त्या वायरचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. पत्र्याच्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला हे चटकन सुचत नाही. टोक घासून साफ केलं, बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले टाकला, आणि जुनाच पंखा जोरात फिरू लागला. डबल पंखा लागलाच नाही.

ऐन दुपारी आम्ही दोघं मांजरसुंब्याच्या घाटात गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना काटा मध्याच्या जरा वर गेला, तिथंच थांबला आणि वर पोचल्यावर उतरला.

तरी कधी वाटेत काटा लाल पट्टीत गेलाच तर ए.सी. बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागी थांबा. इंजिन हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून चेहऱ्यावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आणि काढलेलं जुनं कूलंट नालीत सोडू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. आमच्या नाक्यावर मोकाट जनावरं, कुत्री दिवसभर फिरतात, ती ते चाटतात. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी चिकटवून, कुलपात ठेवतो.