शब्दांचे नवे अर्थ

"आजी, आज वर्गांत माझा चांगलाच पोपट झाला !" असें एक विद्यार्थी घरीं जाऊन म्हणाला. आजीनें कौतुकानें विचारिलें, "पोपट ? अरे, मग तो ठेवलास कोठें ?" नातवाला हसूं आवरेना. "पोपट होणें" म्हणजे फजिती होणें, हें त्या माउलीला कोणी सांगितलेंच नव्हतें. ही हकीकत एका पालकांनीं आम्हांस सांगितली, आणि तिच्यावरून हा लेख लिहिण्याचें मनांत आलें.

ओळखीच्या शब्दाला भलताच अर्थ चिकटविण्याची ही हौस आजकालच्या मुलांचीच आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु भाषेचा इतिहास तसें सांगत नाहीं. संस्कृतांत "शिक्षा" म्हणजे शिकविणें. वेदांच्या सहा अंगांपैकीं उच्चारशास्त्राचें नांवहि शिक्षा असेंच आहे. मराठींत मात्र तो शब्द दंडाच्या अर्थीं रूढ झाला. उलट "साहस" हा शब्द जुन्या धर्मशास्त्रांत बळजबरीच्या गुन्ह्यांस लावीत. आज साहसी मुलाला आपण शाबासकी देतों. फारसींतून आलेला "राजीनामा" म्हणजे मुळांत संमतीचा लेख. आपल्याकडे तो नोकरी सोडण्याचा कागद झाला. कोणी शब्द चढला, कोणी उतरला, कोणी बाजूला सरकला; पण स्वस्थ बसला नाहीं.

असे अर्थ बहुधा एखाद्या चित्रावरून सुचतात. मागणी वाढली कीं मालाचा भाव चढतो. तसा एखादा गृहस्थ विनवण्या केल्यावांचून हलेनासा झाला कीं तो "भाव खातो". कोणास "लोणी लावणें" म्हणजे खुशामत करणें, हें चित्र तर समजावून सांगावयासहि नको. "टोपी घालणें" आणि "शेंडी लावणें" या दोहोंचा अर्थ फसविणें. मुंबईच्या रस्त्यावर पोलिसाला "मामा" म्हणतात, आणि "मामा बनविणें" म्हणजे मूर्ख बनविणें ! आईचा भाऊ बिचारा दोन्हीकडे निरपराध.

दुसरें कारण गुप्ततेचें. पहिलें अक्षर शेवटीं नेऊन त्याच्या जागीं "च" घालावयाचा, म्हणजे "कमल" चें "चमलक" होतें; ही च-ची भाषा आपल्या कित्येक वाचकांच्या आयांनीं लहानपणीं बोलून पाहिली असेल. लंडनच्या पूर्व भागांत जिन्याला "ॲपल्स अँड पेअर्स", म्हणजे सफरचंदें आणि नासपती, असें म्हणण्याची चाल पडली. कारण एवढेंच कीं, "पेअर्स" चें "स्टेअर्स" शीं यमक जुळतें. जॉन कॅम्डेन हॉटेन यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या बाजारू शब्दांच्या कोशांत अशा यमकी बोलीची नोंद आहे. बाहेरच्यास कांहीं कळूं नये आणि आपल्यांस मात्र कळावें, यांतच या बोलीची सारी गोडी.

परंतु जी गोष्ट आंतल्यांस एकत्र बांधते, तीच बाहेरच्यास दूरहि लोटते. "गांवठी" हा शब्द घ्या. गांवठी म्हणजे गांवचा. बाजारांत गांवठी अंडीं, गांवठी कोंबडी असें म्हटलें कीं गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजतें. तोच शब्द शाळेच्या आवारांत शिरला कीं त्याचा अर्थ होतो अडाणी, बेंगरूळ. खेड्यांतून आलेल्या एका नव्या विद्यार्थ्याच्या उच्चारांवरून त्याचे सोबती त्यास या नांवानें हाक मारूं लागले. मारणारांच्या मनांत फारसें वाईट नव्हतें. ते हंसत आणि विसरून जात. तो मात्र वर्गांत बोलेनासा झाला. एके दिवशीं भाताच्या लावणीविषयीं प्रश्न विचारला गेला. रोपें कधीं उपटावीं, चिखल कसा करावा, हें शहरच्या एकाहि मुलास सांगतां येईना. त्यानें हात वर केला नाहीं. "मला सगळें येत होतें, पण तोंड उघडलें तर पुन्हां हंसले असते," असें त्यानें पुढें आम्हांस सांगितलें. त्या दिवशीं त्याचें जें नुकसान झालें, तेवढेंच सगळ्या वर्गाचेंहि झालें.

म्हणून आम्ही नव्या शब्दांस बंदी करा असें म्हणत नाहीं. बंदीनें भाषा थांबत नसते. विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, शब्द उच्चारण्यापूर्वीं त्याचा भार कोणावर पडतो तें पाहावें. स्वतःच्या फजितीस पोपट म्हणण्यांत मौज आहे. दुसऱ्याच्या गांवाची शिवी करण्यांत ती नाहीं. पालकांस विनंती अशी कीं, मुलांचा एखादा शब्द कळला नाहीं तर रागावण्यापूर्वीं त्याचा अर्थ विचारावा, आणि आपल्या लहानपणचा एक शब्द त्यांस सांगावा. त्या आजीनें तसेंच केलें. आतां भाजी करपली कीं ती स्वतःच म्हणते, "आज माझा पोपट झाला रे !"