बोलींचे नकाशे आणि ७८ वे रेखावृत्त

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठी खंडात (१९०५) वऱ्हाडी व नागपुरी यांची वेगवेगळी नोंद आहे. या दोहोंमधील सीमा नकाशावर रेखाटू पाहणाऱ्या अभ्यासकास ७८ वे रेखावृत्त आडवे येते. मापनाच्या यूटीएम पद्धतीत तेथे पट्टा बदलतो. अमरावती ४३ व्या पट्ट्यात, तर नागपूर ४४ व्या. अमरावतीचे निर्देशांक चुकून ४४ व्या पट्ट्याचे मानले, तर ते शहर सहा अंश, म्हणजे सुमारे ६२० किलोमीटर पूर्वेस सरकून पश्चिम ओडिशात जाऊन बसते!

यावर उपाय जीडीएएल या मुक्तस्रोत प्रणालीत आहे. उबुंटू वापरणाऱ्या संगणकावर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीडीएएल-बिन’ ही आज्ञा (अर्थात रोमन लिपीत) टंकित केली की ती स्थापित होते. मग ‘ओजीआर-टू-ओजीआर’ या आज्ञेस मूळ पट्ट्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३ व इष्ट पट्ट्याचा ३२६४४ सांगावा. सारी गावे एकाच पट्ट्यात येतात. मेनूतून केलेल्या कामाचा माग सहसा उरत नाही. टंकित आज्ञा मात्र प्रणालीच्या आवृत्तिक्रमांकासह जपता येते, आणि तीच चालवून तीच रेषा मिळते की नाही, हे परीक्षकासही पाहता येते. म्हणून क्षेत्रीय टिपणांबरोबर आज्ञांची फाइलही प्रबंधास जोडणे इष्ट होय.